वऱ्हाडांतील शाळा आणि बिनतारी इंटरनेट

माझा आवाज या क्षणीं तुमच्या घरांत पोंचत आहे, तो कोणत्याही तारेवरून आलेला नाहीं. १९४८ च्या जुलै महिन्यांत नागपूरचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें, त्या वेळीं तेथील शब्द अमरावतीच्या माडीवर आणि अकोल्याच्या एखाद्या वकिलाच्या दिवाणखान्यांत उमटावेत म्हणून अडीचशें किलोमीटर चर कोणी खणला नव्हता. ज्यांच्या घरीं रेडिओ आतां मोबाइलमध्यें शिरून बसला आहे त्यांनीं या विधानांतील किंचित् अतिशयोक्ति पदरांत घ्यावी. मला सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, शब्द हवेंतून नेण्याची कला आपल्या घरांत तीन पिढ्या नांदत आहे, आणि तरीहि शाळेला इंटरनेट द्यावयाचें म्हटलें कीं आपण प्रथम कुदळ शोधतों.

हा विषय मला सुचला तो एका शाळेच्या जमाखर्चाच्या वहीवरून. मी अमरावतीस पदार्थविज्ञान शिकवीत असें. निवृत्तीनंतर दर्यापूर बाजूच्या एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर गेलों. संस्थेचें महाविद्यालय मोठ्या गांवीं आहे, तेथें फायबरची तार आलेली आहे. तिचीं दोन हायस्कुलें मात्र आंतल्या खेड्यांत. एक नऊ किलोमीटरवर, दुसरें चौदा. दोन्हीं ठिकाणीं संगणकांची खोली आहे, संगणकांवर स्वच्छ धुतलेलीं कापडें आहेत, आणि वर्षानुवर्षें त्या कापडांखालीं संगणक सुखानें झोंपलेले आहेत.

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सर्व महाराष्ट्रांत ऑनलाइन झाले. तत्पूर्वीं ही पद्धति अमरावतीसारख्या कांहीं शहरांपुरतीच होती. शहरांतल्या घराला हा बदल म्हणजे एका फेरीची बचत. खेड्यांतल्या घराला ती एक नवीनच परीक्षा झाली. आमच्या नऊ किलोमीटरवरच्या शाळेंतून त्या वर्षीं एक मुलगी चांगल्या गुणांनीं दहावी उत्तीर्ण झाली. फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशीं मुख्याध्यापक स्वतःचा मोबाइल घेऊन शाळेच्या गच्चीवर उभे, आणि जिन्यांत संगणक घेऊन बसलेली ही मुलगी. महाविद्यालयांच्या पसंतीचें पान तीन वेळां भरलें, तीनहि वेळां तें मध्येंच गळून पडलें. पहिल्या फेरींत तिचें नांव लागलें नाहीं. पुढच्या फेरींत जें महाविद्यालय मिळालें तें दोन एस्. टी. बदलून गांठावें लागतें. वडिलांनीं पाठविलें नाहीं. कार्यकारी मंडळाच्या बैठकींत मुख्याध्यापकांनीं ही हकीकत सांगितली, तेव्हां कोणी कांहीं बोललें नाहीं. पुढचा विषय छपराच्या पत्र्यांचा होता, तो आम्ही पुढें ढकलला.

लगेच एका सेवा देणाऱ्या कंपनीस पत्र लिहिलें. (तिच्या नांवाशीं आपणांस कर्तव्य नाहीं.) नऊ किलोमीटर फायबर टाकण्याचा जो अंदाज आला तो त्या हायस्कुलाच्या दोन वर्षांच्या वेतनेतर अनुदानाहून अधिक होता. या अंदाजांत लबाडी होती असें मी म्हणणार नाहीं. फायबरची कांच फारशी महाग नसते. महाग असतो तो खड्डा. रस्त्याच्या कडेनें खणण्याची परवानगी, खणाई, नळी, रस्ता ओलांडण्याचा खर्च, खणलेला रस्ता पूर्ववत् करून देण्याची अनामत, हें सर्व जमेस धरलें कीं किलोमीटरमागें लाखाच्या भाषेंत बोलावें लागतें. खांबांवरून तार नेली तर पैसे वांचतात, पण आपली काळी जमीन वैशाखांत हात जाईल इतकी भेगाळते आणि आषाढांत फुगते. उथळ रोवलेले खांब दोन पावसाळ्यांत एकमेकांना नमस्कार करूं लागतात. शिवाय रस्ते. अमरावती-अकोला मार्गावर जून २०२२ मध्यें पांच दिवसांच्या आंत ७५ किलोमीटर डांबराचा थर घालून जागतिक विक्रम झाला, त्याचा आम्हां वऱ्हाडकरांस अभिमानच आहे. परंतु रस्ता रुंद होतो तेव्हां त्याच्या कडेची तार कोठें आहे हें यंत्राला दिसत नसतें. आमच्या महाविद्यालयाची तार एका वर्षांत चार वेळां तुटली.

मग प्रश्न असा कीं, महाविद्यालयापर्यंत जें आलेलें आहे तें तेथून पुढें हवेंतून नेतां येईल काय?

बिनतारी संगणक-जाळ्याचा जन्मच मुळीं एका विद्यापीठाच्या अडचणींतून झालेला आहे. हवाई बेटांवरील विद्यापीठाचीं महाविद्यालयें निरनिराळ्या बेटांवर विखुरलेलीं. मध्यें समुद्र, टेलिफोनच्या तारा महाग आणि बेभरंवशाच्या. नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७१ च्या जून महिन्यांत तेथें ‘अलोहानेट’ नांवाचें जाळें सुरू केलें. त्यांतील युक्ति फार घरगुती होती. पंगतींत दोघे एकदम बोलूं लागले तर दोघेहि थांबतात आणि थोड्या वेळानें ज्याला आधीं सुचेल तो बोलतो. त्याचप्रमाणें प्रत्येक केंद्रानें वाटेल तेव्हां आपला संदेश पाठवावा. दुसऱ्याशीं टक्कर झाली तर कमीअधिक वेळ थांबून पुन्हां पाठवावा. आज आपल्या घरांत जें वायफाय आहे त्याच्या वंशावळींत ही पंगत आहे.

आपल्या देशांतहि या वाटेनें लोक गेलेले आहेत. या शतकाच्या आरंभींच्या वर्षांत कानपूरच्या आय. आय. टी.नें गंगेच्या सपाट प्रदेशांत उंच मनोरे उभारून घरगुती वायफायच्याच जातीच्या यंत्रांनीं चाळीस किलोमीटरच्या जवळपास जाणारे दुवे जोडून दाखविले. त्यांत जी अडचण आली ती बोधप्रद आहे. वायफायचें यंत्र एका खोलीसाठीं बनविलेलें. संदेश पाठवून तें क्षणभर पोंच येण्याची वाट पाहतें आणि पोंच न आल्यास पुन्हां पाठवितें. अंतर वाढलें कीं पोंच येण्यापूर्वींच त्याचा धीर सुटतो. तेव्हां पंगतीचा नियम सोडून पाळीचा नियम आणावा लागला: इतका वेळ या टोकानें बोलावें, इतका वेळ त्या टोकानें. पुढें तामिळनाडूंत थेनी येथील अरविंद नेत्र-रुग्णालयानें कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांच्या साहाय्यानें अशाच दुव्यांवरून खेड्यांतील रोग्यांचे डोळे शहरांतील डॉक्टरांकडून तपासून घेतले. डोळ्याच्या दुखण्याला जें पुरलें तें बीजगणिताला पुरावें.

आतां आपल्या भूमीकडे पाहूं. वऱ्हाडाचे जुन्या लोकांनीं तीन भाग केले: उत्तरेस सातपुड्याचा मेळघाट, मध्यें पूर्णेच्या खोऱ्याचा सपाट पयनघाट, आणि दक्षिणेस बालाघाट. हे भाग महसुलाच्या सोयीसाठीं पडले असले तरी बिनतारी लहरींनाहि तेच लागू पडतात. दर्यापूर, अंजनगांव, अकोट, मूर्तिजापूर हा पयनघाट म्हणजे लहरींचें माहेर. दृष्टि जाईल तेथवर कपाशी आणि तूर. पातूर-बार्शीटाकळीकडे जमीन उंचसखल होते, तेथें एकेक दुवा पाहूनच बोलावें. मेळघाटाची कथा निराळी.

सपाट जमिनींतहि एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. पांच गिगाहर्ट्झच्या लहरी सरळ जातात, पण सुतासारख्या बारीक रेषेंत जात नाहींत. दोन टोकांच्या मध्यें त्यांना लांबट भोंपळ्यासारखी मोकळी जागा लागते. नऊ किलोमीटरच्या दुव्यांत मध्यावर सुमारे साडेसहा मीटर जागा सोडावी, आणि पृथ्वी गोल असल्यामुळें तिच्या फुगवट्यासाठीं आणखी सव्वा मीटर. म्हणजे मधल्या झाडांच्या शेंड्यावर आठ मीटर मोकळें आकाश हवें. चौदा किलोमीटरला हाच आंकडा अकरा मीटर होतो. हें गणित आमच्या बारावीच्या मुलांनीं केलें. पृथ्वी गोल आहे या गोष्टीचा दर्यापूर तालुक्यांत कोणाला खर्च पडतो हें त्यांना प्रथमच कळलें.

कायदाहि आतां आड येत नाहीं. भारत सरकारनें जानेवारी २००५ मध्यें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा आणि ऑक्टोबर २०१८ मध्यें पांच गिगाहर्ट्झच्या आसपासचे मोठे पट्टे परवान्यावांचून वापरण्यास खुले केले. यंत्र मान्यताप्राप्त असावें, ठरलेल्या शक्तीच्या आंत चालावें, आणि शेजाऱ्याच्या यंत्राचा त्रास झाला तर तक्रार करूं नये, अशी ही सोय आहे. आपल्याच संस्थेच्या दोन इमारती जोडणें वेगळें आणि इंटरनेट दुसऱ्यास विकणें वेगळें; विक्रीच्या वाटेस शाळेनें जाऊं नये, आणि आपल्या शाखेपर्यंत जोडणी नेण्यास मूळ सेवादात्याच्या करारांत हरकत नाहीं ना, हेंहि आधीं वाचावें. आमच्या चिटणिसांनीं तो करार वाचण्यास दोन महिने घेतले.

आमचा पहिला दुवा असा उभा राहिला. महाविद्यालयाच्या गच्चीवर लोखंडी खांब, त्याला परातीएवढी एक थाळी. खेड्यांत ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर दुसरी. दोन यंत्रें, खांब, तारा, विजेपासून रक्षणाचें अर्थिंग, बॅटरी, हें सर्व मिळून जो खर्च झाला तो फायबरच्या अंदाजाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी. वीज जाते ही आमच्याकडची नित्याची तक्रार. परंतु असें यंत्र सुमारे दहा वॅट खातें. घरोघर इन्व्हर्टरला असते ती १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची बॅटरी अर्धीच वापरली तरी तें यंत्र साडेतीन दिवस चालतें. शाळेंतले संगणक वीज गेल्यावर बंद पडतात ही गोष्ट अलाहिदा. पण मुख्याध्यापकांच्या लॅपटॉपवर फॉर्म भरला जातो.

वेग सेकंदाला पन्नास-साठ मेगाबिट मिळतो. वीस संगणकांच्या खोलीला तो पुरतो. सर्वांनीं एकाच वेळीं चित्रपट पाहावयाचे ठरविलें तर पुरणार नाहीं, आणि तें बरेंच आहे.

दुवा लावला तो चैत्रांत. श्रावणांत तो मंदावला. यंत्राला दोष देऊन झाला, कारागिराला देऊन झाला. शेवटीं शाळेच्या शिपायानें दाखविलें कीं टाकीजवळच्या लिंबाला नवा पाला फुटला आहे. पाल्यांत पाणी असतें आणि पाणी या लहरी पिऊन टाकतें. झाड तोडण्याची सूचना आली, पण त्या लिंबाखालीं गांवाची बैठक भरते. खांब दोन मीटर वाढविला. त्यानंतर वानरांचा उपद्रव. टाकीवरची थाळी हें त्यांना खास आपल्यासाठीं बांधलेलें आसन वाटलें. एका टोळीनें ती इतकी खालीं वांकविली कीं आमचें इंटरनेट तीन दिवस शेजारच्या तुरीला मिळत होतें. बाभळीच्या कांट्या बांधून तो प्रश्न सुटला. वळवाच्या एका वादळांत महाविद्यालयाच्या बाजूचें यंत्र जळलें, कारण अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला होता आणि त्यांत पाणी घालण्याचें काम कोणाचें हें ठरलेलें नव्हतें. आतां ठरलें आहे. बिनतारी दुव्याच्या किमतींत या सर्व गोष्टी धराव्या लागतात. फायबर नीट पुरलें तर पंचवीस वर्षें पाहावें लागत नाहीं. बिनतारी यंत्र पांच-सहा वर्षांनीं बदलावें लागतें आणि दर महिन्याला त्याच्याकडे मान वर करून पाहणारा एक माणूस लागतो.

म्हणून मी फायबरच्या विरुद्ध बोलत आहें असा समज कृपा करून करून घेऊं नका. अमरावतीचें विद्यापीठ, अकोल्याचें १९६९ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालयें, यांना फायबरच हवें. ज्या शहरांत गल्लीगल्लींतून तार गेली आहे तेथें शाळेनें थाळ्या लावीत बसणें हा नुसता हौसेचा खर्च होईल. शिवाय खुला पट्टा सर्वांचा असल्यामुळें शहरांत त्यांत गर्दी फार; अमरावतीच्या मध्यवस्तींतील गच्च्यांवर इतक्या थाळ्या आहेत कीं लहरींची जत्राच भरते. खेड्यांत मात्र आकाश रिकामें. म्हणजे जेथें फायबर सर्वांत महाग पडतें तेथेंच ही युक्ति सर्वांत चांगली चालते. एकाच आवारांत दोन इमारती जोडावयाच्या असल्या तर साठ गिगाहर्ट्झचीं यंत्रें मिळतात. तीं फार वेगवान, पण मुसळधार पावसांत लांबवर टिकत नाहींत. जगदीशचंद्र बोस यांनीं गेल्या शतकापूर्वीं कलकत्त्यांत पांच मिलिमीटरपर्यंतच्या लहरी निर्माण करून १८९७ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें आपलें संशोधन मांडलें होतें. आज बाजारांत नवें म्हणून येणारें हें यंत्र त्याच लांबीच्या लहरींवर चालतें.

कोणी विचारील कीं, प्रत्येकाच्या खिशांत मोबाइल असतां एवढा खटाटोप कशाला? मोबाइलचा मनोरा साऱ्या पंचक्रोशीचा असतो. शेवटच्या दिवशीं सर्व गांव त्याच्यावर तुटून पडतें, आणि फॉर्मचा शेवटचा दिवस सर्वांचा एकच असतो. शिवाय ‘असर’च्या २०२० च्या पाहणींत देशांतील ग्रामीण भागांतल्या शाळकरी मुलांपैकीं ६१.८ टक्के मुलांच्याच घरीं स्मार्टफोन आढळला होता. उरलेल्यांनीं शाळेशिवाय कोठें जावें? आणि शाळेचें म्हणाल तर सरकारच्याच यूडायस अहवालाप्रमाणें २०२३-२४ मध्यें देशांतील ५३.९ टक्के शाळांत इंटरनेट होतें.

मेळघाटाविषयीं थोडें सांगितल्यावांचून हा विषय पुरा होणार नाहीं. तेथें चर खणणें म्हणजे केवळ पैशाचा प्रश्न नव्हे. राखीव वन, व्याघ्रप्रकल्प, १९८० चा वनसंवर्धन कायदा, अशा परवानग्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सरळ जाणाऱ्या लहरींना डोंगर आणि साग आडवे येतात. धारणी तालुक्यांतील हरिसाल हें गांव २०१६ सालीं देशांतलें पहिलें डिजिटल गांव म्हणून गाजलें, तें राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या प्रयोगामुळें. त्यांतील कल्पना सुंदर होती. दूरदर्शनसाठीं राखलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांत पंधरा वाहिन्यांची जागा आहे, मुंबईच्या आय. आय. टी.च्या संशोधकांनीं हिशेब करून दाखविलें कीं देशांत जवळजवळ सर्वत्र त्यांपैकीं बारा तरी रिकाम्या आहेत. या लांब लहरी पाल्यांतून आणि उंचवट्यांवरून बऱ्याच सोशिकपणें जातात. त्याच संस्थेनें पालघर जिल्ह्यांतील खेड्यांत असे प्रयोग केले, आणि तिच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्यें मोझिलाच्या स्पर्धेंत पहिलें पारितोषिक मिळालें.

परंतु हरिसालच्या नशिबीं प्रसिद्धि आधीं आली आणि देखभाल मागें राहिली. २०१९ च्या लोकसभा निवडणुकींत तेथील इंटरनेट चालतें कीं नाहीं हा जाहीर सभांतील वादाचा विषय झाला. खरें कोणाचें हें मी येथें ठरवीत नाहीं. मला खटकलें तें हें कीं, त्या वादांत शाळेंतल्या कोरकू मुलाला काय मिळालें हें विचारणारे थोडे. (मराठी हीच ज्याला शाळेंत येऊन शिकावी लागते त्या मुलाला इंटरनेटवर त्याच्या भाषेंत काय सांपडतें, हा निराळ्या भाषणाचा विषय आहे.) दूरदर्शनच्या रिकाम्या लहरी प्रयोगांपुरत्याच मिळाल्या, पांच गिगाहर्ट्झप्रमाणें त्या सर्वांना खुल्या झालेल्या नाहींत. झाल्या असत्या तर डोंगरांतल्या आश्रमशाळांचे संस्थाचालक आज आमच्यासारखेच थाळ्यांचे भाव विचारीत हिंडले असते.

अमेरिकेनें १९६३ सालींच अडीच गिगाहर्ट्झजवळचा एक पट्टा शिक्षणसंस्थांसाठीं राखून ठेवला होता. प्रथम त्यावरून दूरचित्रवाणीचे पाठ जात; पुढें पुष्कळ संस्थांनीं तो मोबाइल कंपन्यांना भाड्यानें दिला, आणि २०१९ मध्यें तेथील दळणवळण आयोगानें शिक्षणसंस्थांचीच अट काढून टाकली. भाड्याचे पैसे शाळांना मिळाले हें खरें, पण लहरी हातच्या गेल्या. आपल्या संस्थांच्या जागा मुख्य रस्त्यावर असल्या कीं आपण त्यांत दुकानगाळे काढतों, त्याची मला आठवण झाली.

आमच्या चौदा किलोमीटरवरच्या शाळेचें काम अडलेलें आहे. मध्यें आमराईची एक रांग आहे, तिच्यावर अकरा मीटर आकाश मिळत नाहीं. पण वाटेंतच एक बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी आहे आणि तिची विटांची चिमणी अजून ताठ उभी आहे. तीवर मधलें यंत्र बसविलें तर दुवा दोन टप्प्यांत सहज जातो. चिमणी वर चढण्याजोगी आहे कीं नाहीं हें पाहण्यास दिवाळीच्या सुटींत अभियंते येणार आहेत. मालक मुंबईस असतात. त्यांना दोन पत्रें गेलीं आहेत, आणि तिसरें पत्र त्या शाळेंतल्या मुलांनीं स्वतः लिहून या सोमवारीं टपालांत टाकलें आहे.